आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, पण हॉस्पिटलच्या बिलाचं काय?

हिशोबवही (धागाकर्ता)
२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम) आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. निर्णय चांगलाच आहे. पण त्यामुळे विमा परवडू लागेल, हे गृहीतक मला मान्य नाही.

मूळ हप्ता २०,००० असेल तर आधी २३,६०० भरावे लागत, आता २०,०००. समजा कंपनीने दरवर्षी १२ टक्के वाढ केली. पहिल्या रिन्यूअलला २२,४००, दुसऱ्याला २५,०८८. दोन वर्षांत घर पुन्हा होतं तिथेच येतं आणि सरकारचा महसूल मात्र कायमचा जातो. हप्ता वाढतो कारण बिलं वाढतात, आणि बिलांवर महाराष्ट्रात दरनियंत्रण नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपण स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १५ बाबींचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. दर लावा एवढंच, किती घ्या हे कुठेच नाही. करसवलतीआधी दर ठरवायला हवे होते.

विमागणित
तुमच्या हिशोबात एक चूक आहे. जीएसटी राहिला असता तर दुसऱ्या रिन्यूअलला २५,०८८ नाही, २९,६०४ भरावे लागले असते. म्हणजे सवलत संपली नाही, ३,६०० वरून ४,५१६ झाली. हप्ता वाढणं आणि सवलत संपणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी गळती दुसरीकडे आहे. कर होता तेव्हा कंपनी एजंटचं कमिशन, कार्यालयाचं भाडं, संगणक सेवा यांवर भरलेला जीएसटी ग्राहकाकडून घेतलेल्या करातून वळता करून घेत असे. आता विक्री करमुक्त, म्हणून तो परतावा बंद. हप्त्यातल्या १०० रुपयांपैकी असे करपात्र खर्च २५ रुपये धरले, तर ४ रुपये ५० पैसे कंपनीच्या अंगावर पडतात. ते कमिशनमधून कापायचे किंवा मूळ हप्त्यात घालायचे. म्हणून रिन्यूअलची नोटीस आली की एकूण रक्कम बघू नका, गेल्या वर्षीचा करापूर्वीचा हप्ता आणि यंदाचा हप्ता शेजारी ठेवा. वयोगट बदलल्यामुळे झालेली वाढ वेगळी काढा.

आणि हे फार लोकांच्या लक्षात येत नाही: कंपन्या, संस्था आपल्या लोकांसाठी घेतात त्या ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के जीएसटी अजून आहे.

तालुका_नर्सिंगहोम
दर ठरवा म्हणणाऱ्यांनी २१ मे २०२० ची महाराष्ट्राची अधिसूचना आठवावी. कोविडसाठी खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराने: वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट, महागडी औषधं, स्कॅन या दराबाहेर. मग वाद कशावरून झाले? बिलातल्या याच दराबाहेरच्या ओळींवरून. महापालिकांना बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवावे लागले. एका ओळीवर झाकण ठेवलं की खर्च शेजारच्या ओळीतून वर येतो.

दुसरं म्हणजे वीस खाटांच्या तालुक्यातल्या हॉस्पिटलचा खर्च आणि पुण्यातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलचा खर्च एका तक्त्यात बसत नाही. जनरेटर, ऑक्सिजन, रात्रपाळीच्या नर्स, बायोमेडिकल कचऱ्याचं शुल्क हे खाटा रिकाम्या असल्या तरी द्यावंच लागतं. आरोग्यसेवा करमुक्त असल्याने यंत्रांवर भरलेला जीएसटी आम्हाला वळता होत नाही, तो बिलातच येतो. बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरचा दर ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा श्वास मिळाला. पण सरकारी योजनेचं पॅकेज (पूर्ण उपचाराचा ठरलेला एकरकमी दर) खर्चाखाली आणि पैसे महिनोन्‌महिने अडकलेले, अशा स्थितीत लहान हॉस्पिटल योजनेतून बाहेर पडतं. मग पेशंट शहरात जातो.

रुग्णहक्क_सातारा
विमागणित, ज्यांना हप्ता भरता येतो त्यांचाच हिशोब तुम्ही मांडताय. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी झाली, रेशनकार्डाचा रंग कुठलाही असो. संरक्षण दीड लाखावरून ५ लाख. केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान कार्ड दिलं. कागदावर महाराष्ट्रात विम्याबाहेर कोणी उरत नाही.

प्रत्यक्षात अडतं कुठे? रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. हॉस्पिटल योजनेत असतं, पण हवा तो विभाग योजनेत नसतो. 'योजनेच्या खाटा भरल्या' असं तोंडी सांगतात, लेखी देत नाहीत. म्हणून दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) जाऊन त्या उपचाराची पूर्वमंजुरी पाठवायला सांगा. अनामत मागितली तर पावती मागा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे घेणं नियमबाह्य आहे.

विमागणित
मान्य. पण विमा मिळण्याच्या बाजूनेही विमा नियामकाने (आयआरडीएआय) बरंच केलंय. २०२४ मध्ये ६५ वर्षांची प्रवेशमर्यादा काढली, जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर आणली, आणि ५ वर्षं सलग हप्ते भरल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडून 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. कॅशलेसवर (बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला देणं) १ तासात आणि डिस्चार्जवर ३ तासांत निर्णय द्यायचा. उशिरामुळे हॉस्पिटलने जास्त आकारलं तर ते कंपनीने सोसायचं. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता नियामकाशी बोलल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. या सगळ्या जोखमीचे पैसे शेवटी हप्त्यांतूनच येतात. पन्नाशीतल्या माणसाच्या हप्त्याला अशी मर्यादा नाही, तेव्हा भार कुठे सरकेल ते दिसतंच आहे.

चौकट_क्र_५
यात खोलीभाड्याचा मुद्दा राहिला. ५ लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे ५,००० असेल आणि ८,००० ची खोली ४ दिवस घेतली, तर नुकसान १२,००० चं होतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. भाडं मर्यादेबाहेर गेलं की बाकीचे काही खर्चही त्याच प्रमाणात कापतात. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटरचे १,२०,००० झाले असतील तर त्याचेही ५/८, म्हणजे ७५,००० मिळतात. एकूण खिशातून ५७,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला ही कपात लावता येत नाही, आणि जे हॉस्पिटल खोलीनुसार दर बदलत नाही तिथेही नाही. कंपनीने सरसकट कापलं असेल तर हाच नियम लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंत निवाडा देता येतो.

आणि ५,००० च्या वरच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहेच. विम्यावरचा काढला, खाटेवरचा ठेवला.

हिशोबवही (धागाकर्ता)
विमागणित, तुलनेची चूक कबूल. पण तालुका_नर्सिंगहोम यांच्या मुद्द्यातून मला उलट निष्कर्ष दिसतो. २०१७ मध्ये औषध लेपित स्टेंटचा (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी) दर २९,६०० वर बांधला, अँजिओप्लास्टीचं बाकी बिल मोकळं सोडलं. २०२० मध्ये खाट बांधली, औषधं मोकळी. ओळ नव्हे, पूर्ण उपचाराचं पॅकेज बांधायला हवं. गाव, शहर, महानगर असे तीन स्तर, दरवर्षी दुरुस्ती, आणि सरकारने ठरलेल्या दिवसांत पैसे दिले नाहीत तर व्याज.

रुग्णहक्क_सातारा
व्याजाची अट आधी जनआरोग्य योजनेत घाला, तिथे पैसे देणारं सरकारच आहे. आणि मधुमेह, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या यांपैकी कशातच बसत नाहीत. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के थेट लोकांच्या खिशातून गेला. ग्रामीण रुग्णालयात बीपीची गोळी बारा महिने मिळाली, तर त्या घराला दर महिन्याला मेडिकलच्या दुकानात जावं लागणार नाही. खरेदीची निविदा वेळेत निघाली पाहिजे, एवढीच त्याची अट आहे.

तालुका_नर्सिंगहोम
तीन स्तर आणि व्याज लेखी मिळणार असेल, तर पॅकेजला माझा विरोध नाही. दर ठरवणाऱ्या समितीत मात्र लहान हॉस्पिटलं असली पाहिजेत.