6 फुटी समुद्री टँक घरात बसवायचाय, काचेची ऑर्डर द्यायच्या आधी काय काय बघू?

खारट_सुरुवात:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक बरीच वर्षं ठेवतोय, प्लँटेड झालं, डिस्कस झाले, आता समुद्री करायची खाज सुटलीय आणि करायचंच तर मोठं करू असं ठरवलंय, कारण जिथे बघावं तिथे हेच वाचतो की खाऱ्या पाण्यात मोठा टँक जास्त स्थिर राहतो. डोक्यातलं माप 6 फूट लांब, अडीच फूट रुंद, 2 फूट उंच. टँक वरच्या मजल्यावर, हॉलमध्ये, भिंतीला लागून. खाली स्टँडमध्ये संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी. माशांची यादी तर आधीच तयार आहे 😄 निळा टँग, क्लाउनची जोडी, मँडरिन, एक लायनफिश, आणि नंतर हळूहळू सॉफ्ट कोरल. लाइट आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कुठला घ्यायचा यावर डोकं खाजवतोय पण मित्र म्हणतो आधी बाकीचं बघ. म्हणजे नक्की काय बघू? आणि किती दिवसांत मासे सोडता येतील?

भरती_ओहोटी:
मित्र बरोबर बोलतोय. लाइट उद्या बदलता येतो, स्किमर विकून दुसरा आणता येतो, पण टँकची जागा, काचेतली भोकं आणि पाइपिंग एकदा पाणी भरलं की बदलत नाही. म्हणून सगळा जोर तिथे लावा.

पहिलं वजन. तुमच्या मापाला बाहेरून 850 लिटर होतात. 15 मिमी काच धरली तर नुसती काचच 165-170 किलो, त्यात पाणी, दगड, वाळू, स्टँड, खालचा संप धरा, आरामात 1300 किलोच्या घरात जातं आणि हे सगळं सव्वा-दीड चौरस मीटरवर उभं राहणार. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो चल भार धरून डिझाइन केलेला असतो. याचा अर्थ लगेच स्लॅब खाली येईल असा नाही, तो भार पूर्ण खोलीभर धरलेला असतो आणि भिंतीलगत, बीमवर जागा मिळाली तर गोष्ट वेगळी, पण हे मी किंवा फोरमवरच्या कुणीही फोटो बघून सांगू नये आणि तुम्ही ऐकू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्लॅन दाखवा, बीम कुठून जातात ते विचारा. लांब बाजू बीमवर किंवा आडव्या वाशांना काटकोनात येईल अशी जागा मिळाली तर उत्तम.

दुसरं, लाइट गेल्यावर काय होतं ते कागदावर काढा. रिटर्न पंप, म्हणजे संपातलं पाणी वर ढकलणारा, बंद झाला की वरचं पाणी रिटर्न पाइपातून उलटं खाली यायला लागतं आणि जोपर्यंत पाइपाचं तोंड उघडं पडत नाही तोपर्यंत येतच राहतं. तुमच्या टँकला पातळी 1 सेंटिमीटर उतरली म्हणजे जवळपास 14 लिटर. तोंड 10 सेंटिमीटर खोल ठेवलंत तर 140 लिटर पाणी संपात आणि संपातून हॉलमध्ये. त्यामुळे नोझल पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा. सायफन, म्हणजे ही उलटी ओढ, तोडायला पाइपाला भोक पाडतात लोक, पाडा, पण त्याच्यावर विसंबू नका, शेवाळ आणि मीठ साचून ते बुजतं. संपात रोजच्या पातळीच्या वर इतकी जागा रिकामी हवी की सगळं परत आलेलं पाणी मावेल. टेस्ट सोपी आहे, गोडं पाणी भरा, पंप चालू करा, पातळी बसू द्या आणि मग प्लग खेचा. चार-पाच वेळा करा. हे मीठ टाकायच्या आधी करा, नंतर नाही.

ओव्हरफ्लोला, म्हणजे वरचं पाणी संपात उतरायच्या वाटेला, एकाच पाइपावर राहू नका. तीन पाइपांची बीन ॲनिमल पद्धत शोधून वाचा, एक पूर्ण भरून सायफनने वाहतो, त्याला गेट व्हॉल्व्ह लावून पातळी सेट करायची, दुसऱ्यातून जेमतेम धार जाते, तिसरा कोरडा, अडचणीसाठी. आवाज जवळजवळ शून्य आणि एक पाइप गोगलगाईने बुजवला तरी हॉल कोरडा. भोकं काच जोडायच्या आधी पाडून घ्यायची आणि टफन्ड काचेला भोक पडत नाही हे लक्षात असू द्या, कुठली काच टफन्ड आहे ते आधी विचारा. प्रत्येक पंपाला युनियन (खोलता येणारा पाइपजोड) लावा, साफ करायला काढावा लागतोच.

आणि टँकच्या मागे हात जाईल एवढी जागा सोडा!! भिंतीला चिकटवला तर पुढे कुठलाही पाइप बघता येणार नाही.

स्किमरवाला:
वरच्या सगळ्याला +1, फक्त विजेचं राहिलं. सगळे प्लग 30 मिलिअँपच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या, प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली टपकतं. स्टँडच्या आत बोर्ड लावू नका, तिथे दमट आणि खारट हवा असते, पितळी पिना हिरव्या पडतात. हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दोन 300 वॅटचे घ्या आणि बाहेरच्या कंट्रोलरवर चालवा, कारण हीटर बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो, एकटा छोटा अडकला तर एवढ्या पाण्याला उकडायला वेळ लागतो आणि तोवर तुमच्या लक्षात येतं. तापमान 25-26 वर धरा. बॅटरीवर चालणारा एखादा वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) किंवा एअर पंप ठेवाच, लाइट जाते तेव्हा मासे गारठून मरत नाहीत, ऑक्सिजन संपून मरतात.

पाणी म्हणाल तर आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार काढणारं रेझिन), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार 0. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट, सिलिकेट, कधी पाइपातलं तांबं. मीठ लिटरला साधारण 35-38 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरण्यालाच 30 किलोच्या वर. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी नाही, नाहीतर कॅल्शियम खाली पांढरं बसतं. सॅलिनिटी म्हणजे खारटपणा 35 पीपीटी, तो मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्याच द्रावणाने कॅलिब्रेट करा.

एवढ्या उघड्या पृष्ठभागातून रोज 8-10 लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे हाताने करायला आठवडाभर मजा वाटते, त्यानंतर ऑटो टॉप-ऑफ लागतोच. त्याची टाकी मुद्दाम छोटी ठेवा, सेन्सर अडकला तरी सगळी ओतली गेल्यावर सॅलिनिटी फार कोसळू नये इतकीच. आणि हे 10 लिटर रोज हॉलच्याच हवेत जाणार, खिडकी किंवा एक्झॉस्ट नसेल तर भिंतीला बुरशी धरेल.

दगड लाइव्ह रॉकच, म्हणजे बॅक्टेरिया आणि बारीक जीव वसलेलाच, घ्या असं माझं मत. ड्राय रॉकवर (कोरडा, निर्जीव दगड) सुरू केलेले टँक वर्षभर तपकिरी-हिरवे राहतात.

निळं_पाणी:
लाइव्ह रॉकवर असहमत. त्यातून काय काय येतं हे तुम्हालाही माहितीये, एप्टेशिया (उपद्रवी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल) एकदा शिरला की पिच्छा सोडत नाही, मँटिस श्रिंप आली तर रात्री टकटक आवाज आणि सकाळी खेकडा गायब. शिवाय तो दगड कुठल्या तरी रीफमधून उचललेला असतो. बहुतेक ड्राय रॉक घ्या आणि ओळखीतल्या कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टँकच्या संपातून दोन-चार किलो लाइव्ह घ्या, बॅक्टेरिया आणि कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) तिथूनच पसरतात. हा, एक खरं आहे, ड्राय रॉकवाले नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेऊन खूश होतात आणि मग डायनोफ्लॅजेलेट येतात, तपकिरी शेंबूड बुडबुड्यांसकट. शून्य करू नका. थोडं राहू द्या.

दगड आधी थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि मग वाळू टाका. वाळूवर दगड ठेवला तर खाली उकरणारे मासे आणि श्रिंप तो पाडतात. मध्ये पोहायला मोकळी जागा सोडा, भिंत बांधल्यासारखं रचू नका.

खारट_सुरुवात:
बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद 🙏 दोन शंका. पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, टीडीएस 40 दाखवतो. आणि एकाकडून जुना लाइव्ह रॉक मिळतोय, त्यावर एप्टेशिया आणि काही झोअँथिड (बटणासारखी दिसणारी कोरलं) दिसतायत, तो मोठ्या पातेल्यात उकळून घेतला तर सगळं मरेल ना?

स्किमरवाला:
नाही, नाही. उकळू नका!! काही झोअँथिड आणि पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, उकळल्यावर ते वाफेबरोबर घरभर पसरतं, त्यामुळे अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात भरती झालेली आहेत. खरवडणं, ब्रशने घासणं, गरम पाणी ओतणं, काहीच करू नका. तो दगड सरळ नाही म्हणून सोडून द्या, एवढा मोह नको. पुढे स्वतःचे झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि डोळ्याला चष्मा.

पिण्याच्या आरओला 40 आहे म्हणजे त्या 40 मध्ये काय आहे ते कुणालाच माहीत नाही, शिवाय बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी मिनरल परत मिसळायचं कार्ट्रिज असतं. एवढ्या पाण्याला ते मशीन पुरणारही नाही. वेगळं युनिट घ्या, डीआय रेझिनसकट.

शिंपल्यातली_माई:
माशांच्या यादीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते.

लायनफिश तोंडात मावेल ते सगळं गिळतो. क्लाउन मावतात, मँडरिन मावतो. एकतर तो किंवा हे दोघं. शिवाय त्याच्या काट्यात विष असतं आणि तुम्ही दर आठवड्याला टँकमध्ये हात घालणार आहात.

मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड टिपत फिरतो, बहुतेक मँडरिन तयार खाद्याला तोंड लावत नाहीत, नव्या टँकमध्ये ते भुकेने वाळून मरतात. वर्षभर थांबा, काचेवर रात्री टॉर्च मारल्यावर पांढरे ठिपके पळताना दिसले की मग विचार करा. निळा टँग 30 सेंटिमीटरच्या आसपास वाढतो आणि त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, सगळ्यांच्या आधी होतो. 6 फूट ही त्याच्यासाठी कमीत कमी लांबी, जास्तीत जास्त नाही. क्लाउन मात्र बिनधास्त घ्या, घरच्या पैदाशीचे मिळतात, दोन लहान एकत्र सोडा, जन्मतः कुणीच मादी नसतं, त्यातला मोठा होईल तो मादी होतो. ॲनिमोन त्यांना लागत नाही आणि नव्या टँकमध्ये ठेवूही नका, ते चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये अडकतं आणि पाण्याची वाट लावतं.

टँग हवाच असेल तर पिवळ्या टँगचं बघा, 2015 मध्ये हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने त्यांची पैदास पहिल्यांदा जमवली, आता टँकमध्ये वाढलेले मिळतात. निळ्याचीही पैदास 2016 मध्ये झाली पण दुकानातला बहुतेक निळा अजून समुद्रातूनच पकडलेला असतो.

आणि क्वारंटाइन. एक साधा वेगळा छोटा टँक, स्पंज फिल्टर, पाइपाचे तुकडे लपायला, बस्स. मोठ्या टँकमध्ये क्रिप्टो शिरला तर सगळे मासे पकडून बाहेर काढायचे आणि तो टँक माशांशिवाय 76 दिवस ठेवायचा, हा हॉबीतला सर्वसाधारण नियम. तुमच्या एवढ्या दगडांतून मासे पकडायचे म्हणजे अर्धे दगड बाहेर काढावे लागतात. तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये कधीच टाकायचं नाही, कोरल, श्रिंप, गोगलगाई सगळं मरतं.

किती दिवसांत मासे? अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत न्या, 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले की सायकल झाली, म्हणजे ते पचवणारे बॅक्टेरिया तयार झाले, साधारण 4 ते 6 आठवडे. तेवढ्या वेळात पहिले मासे क्वारंटाइनमध्ये तयार होतात, म्हणजे वेळ वाया जात नाही.

खारट_सुरुवात:
लायनफिश कटाप, मँडरिन पुढच्या वर्षी 😅 इंजिनिअर ओळखीचा मिळालाय, तो येऊन बघणार आहे. शेवटचं एक, उंची 2 फुटांऐवजी अडीच करावी का? दिसायला जास्त भारी दिसेल असं घरच्यांचं म्हणणं.

भरती_ओहोटी:
नका करू. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, लांबीवर नाही, अडीच फुटाला 19 मिमीकडे जावं लागेल आणि स्लॅबवरचं वजनही चढेल. आणि साधी गोष्ट, तळाला हात पोचत नाही. स्टँड तीन फुटांचा, त्यावर अडीच फूट टँक, वर लाइट, तुम्ही स्टूलवर चढून काखेपर्यंत बुडून पडलेलं कोरल उचलणार. लाइटही खालपर्यंत पोचवायला जास्त जोराचा लागतो. जागा असेल तर रुंदी वाढवा, अडीचचे तीन फूट करा, दगडरचनेला खोली येते आणि घरच्यांना जे भारी दिसायला हवंय ते त्यातूनच मिळतं. फक्त रुंदी वाढवलीत तर तो 14 लिटरचा हिशोब 17 होतो, संप त्या मापाने मोठा घ्या, आणि इंजिनिअरला दाखवायचा आकडाही नवा काढा, जुना देऊ नका.

खारट_सुरुवात:
रुंदी 3 फूट दाराच्या चौकटीतून आत येईल का तेच आता मोजतोय…

निळं_पाणी:
जिन्याचं वळण पण मोजा.