सीरम काढूनही केंद्रकातल्या एसआरईबीपी-२ ची पट्टी फिकटच

प्रश्न:
सीएचओ-के१ (हॅमस्टरच्या) पेशी १० टक्के सीरमवरून काढून १६ तास विनासीरम माध्यमात ठेवल्या. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी) पूर्ण लांबीचं एसआरईबीपी-२, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी पडलं की ते मिळवणारी जनुकं चालू करणारं प्रथिन (साधारण १२५ किलोडाल्टन), ठळक येतं, पण केंद्रकातला ६८ च्या आसपासचा तुकडा जेमतेम दिसतो. शिवाय मुळातली शंका: पेशीतलं बहुतेक कोलेस्टेरॉल बाहेरच्या पटलात असताना ते जोखणारं प्रथिन ईआरमध्ये (पेशीच्या आतलं पटलांचं जाळं) का?

उत्तर १:
आधी शंकेचं बघू. बाहेरच्या पटलात दर १०० लिपिड रेणूंमागे ४० च्या आसपास कोलेस्टेरॉलचे असतात. तिथे दोन कमी-जास्त झाले तर कळणार कसं? ईआरमध्ये हाच आकडा ५ च्या आसपास घुटमळतो, त्यामुळे तेवढाच फरक तिथे मोठा ठरतो.

ईआरमधलं कोलेस्टेरॉल ५ मोल टक्क्यांच्या खाली गेलं, की स्कॅप हे ते जोखणारं प्रथिन एसआरईबीपी-२ ला घेऊन कॉप-२ पुटिकांतून (ईआरमधून माल नेणाऱ्या पिशव्या) गॉल्जीकडे जातं. तिथे आधी साइट-१ आणि मग साइट-२ प्रोटिएज (प्रथिन कापणारी एन्झाइमं) त्याला कापतं, आणि अमिनो टोकाचा तुकडा सुटून केंद्रकात पोचतो. ५ च्या वर गेलं, की कोलेस्टेरॉल स्कॅपला चिकटतं, स्कॅपचा आकार बदलतो आणि इन्सिग हे दुसरं प्रथिन त्याला ईआरमध्येच धरून ठेवतं. स्कॅपवरचा सहा अमिनो आम्लांचा पट्टा (मेट-ग्लू-ल्यू-अला-अस्प-ल्यू) जागचा हलतो, मग कॉप-२ मधलं सेक२४ त्याला पकडूच शकत नाही. हा बदल हळूहळू होत नाही, एकदम होतो.

बाहेरची खबर आत नेतात ती अ‍ॅस्टर प्रथिनं. पटलातलं बरंच कोलेस्टेरॉल स्फिंगोमायलिन या लिपिडने अडवलेलं असतं. त्यापलीकडे जे मोकळं उरतं, तेच ती ईआरमध्ये आणतात.

उत्तर २:
आता पट्टीचं. नुसतं सीरम काढून भागत नाही, पेशी स्वतःच कोलेस्टेरॉल बनवत राहते. ५ टक्के लिपोप्रोटीनरहित सीरम, ५० मायक्रोमोलर कॉम्पॅक्टिन (कोलेस्टेरॉल बनवणं थांबवणारं स्टॅटिन) आणि ५० मायक्रोमोलर सोडियम मेव्हॅलोनेट यात १६ तास ठेवा. मेव्हॅलोनेट वगळू नका: एवढ्या मात्रेत प्रथिनांच्या प्रेनिलेशनची (त्यांना लिपिडची शेपटी जोडण्याची) गरज भागते, कोलेस्टेरॉलची भागत नाही. त्याशिवाय पेशी गोल होऊन सुटायला लागतात.

केंद्रकातला तुकडा प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, फार लवकर संपवतो. पेशी उचलण्याआधी १ तास त्याला अडवणारं एएलएलएन, २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, घाला. माझ्या मते तुमची पट्टी बहुधा इथेच हरवते आहे.

प्रतिपिंड कुठल्या टोकाचं आहे तेही बघा. कार्बॉक्सी टोकाचं असेल तर केंद्रकातला तुकडा त्याला दिसणारच नाही. अमिनो टोकाचं आणि हॅमस्टरच्या प्रथिनाला ओळखणारं हवं. उलट बाजूच्या कंट्रोलला (जिथे तुकडा दिसायलाच नको) १ मायक्रोग्रॅम २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल अधिक १० मायक्रोग्रॅम कोलेस्टेरॉल (प्रति मिलिलिटर, इथेनॉलमधून). तेवढंच इथेनॉल बाकी सगळ्या डिशना.

प्रश्नकर्ता:
एएलएलएन घातलं नव्हतं, आता घालून बघते. आणखी एक: यू१८६६६ए हे औषध दिलेल्या पेशी फिलिपिनने (कोलेस्टेरॉलला चिकटून चमकणारा रंग) लख्ख उजळतात, तरी एलडीएलआर आणि एचएमजीसीएस१ (एसआरईबीपी-२ चालू करतं ती जनुकं) चे एमआरएनए वाढलेले. हे उलटं नाही का?

उत्तर १:
नाही, अपेक्षितच आहे. हे औषध एनपीसी१, म्हणजे लायसोसोममधून कोलेस्टेरॉल बाहेर काढणारं प्रथिन, अडवतं. एलडीएलमधून (रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे कण) आलेलं कोलेस्टेरॉल लायसोसोममध्ये अडकून पडतं आणि फिलिपिन तेच दाखवतं. ईआरपर्यंत ते पोचत नाही, म्हणून स्कॅपच्या लेखी पेशी उपाशीच. फिलिपिन एकूण मुक्त कोलेस्टेरॉल दाखवतं, मोकळं किती आणि अडवलेलं किती हे सांगत नाही. ते हवं असेल तर एएलओडी४ हे प्रथिन वापरा, ते फक्त मोकळ्यालाच चिकटतं. आणि यू१८६६६ए ची मात्रा १-२ मायक्रोमोलरवर ठेवा. जास्त झाली तर ते कोलेस्टेरॉल बनवणारी एन्झाइमंही अडवतं, मग एमआरएनए नेमके कशामुळे वाढले ते सांगता येणार नाही.

उत्तर २:
फिलिपिन लावताना ट्रायटॉन (पटलाला भोकं पाडणारा डिटर्जंट) टाळा, ते पटलातलं कोलेस्टेरॉल धुऊन नेतं. सॅपोनिनही जपूनच. रंग काही सेकंदांत विटतो, त्यामुळे फोकस दुसऱ्या चॅनेलवर करून घ्या आणि अतिनील प्रकाश फक्त फोटोपुरता उघडा.