प्रोकुदिन-गोर्स्कीचे रंगीत फोटो

रशियन फोटोग्राफर प्रोकुदिन-गोर्स्कीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन साम्राज्यात काढलेले हे रंगीत फोटो म्हणजे निव्वळ झारचा, म्हणजे रशियन सम्राटाचा, प्रचार, असं म्हटलं जातं. झार दुसऱ्या निकोलसने त्याला डार्करूमसकट रेल्वेचा डबा दिला होता, हे खरंच. पण म्हणून फोटोत दिसणारी माणसं खोटी ठरत नाहीत. मध्य आशियातल्या बुखाऱ्याचा अमीर, म्हणजे तिथला राजा, निळ्या झग्यात तलवारीवर हात ठेवून बसलाय, तो फोटो सगळ्यांना माहीत असतो. त्याच मध्य आशियातला तुरुंगाचा फोटो जरूर पाहा. गजांआडून पाच कैदी बघताहेत, बाहेर रशियन बंदूक घेतलेला पहारेकरी. साम्राज्य म्हणजे काय ते मला त्या बंदुकीत दिसलं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो जॉर्जियातल्या बातुमीजवळच्या चाकवाच्या चहामळ्यातल्या ग्रीक बायकांचा. निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून एकामागून एक तीन वेळा काचेच्या निगेटिव्हवर फोटो घ्यायचा आणि ते तिन्ही एकत्र करून रंगीत चित्र मिळायचं; फोटो घेतानाचा तेवढा वेळ निश्चल राहायचं. जो हलला त्याच्या कडेला रंग फुटले. अमीर शिकवल्यासारखा स्थिर बसला, या कामकरी बायका हलल्या. ते फुटलेले रंग डिजिटल सफाईत पुसू नयेत, असं मला मनापासून वाटतं. १९४८ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतलेल्या त्या काचांची स्कॅन आता मोफत बघता येतात.