वर्डमध्ये मजकूर वाढला की छायाचित्रे जागा सोडतात

पानवेल्हाळ
आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची जुळणी मी वर्डमध्ये करत आहे. पान ए-फाइव्ह आकाराचे असून मजकूर मंगल टंकात, युनिकोडमध्ये आहे. जुन्या इमारतीची आणि कार्यकर्त्यांची बरीच छायाचित्रे संबंधित मजकुराशेजारी यावीत म्हणून मी मजकूर छायाचित्राभोवती वळवणारा ‘स्क्वेअर’ हा पर्याय निवडला. परंतु एखाद्या लेखात दोन परिच्छेद वाढले की पुढच्या पानांवरील छायाचित्रे विस्कटतात आणि ओळी एका ठिकाणी तर छायाचित्र दुसऱ्याच ठिकाणी जाते. ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ करूनही ती पान बदलतात. कंटाळून ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ केले, तर छायाचित्राची जेमतेम ओळीएवढी पट्टी दिसते आणि बाकीचे गायब होते. यावर खात्रीचा उपाय कोणता?

खिळाजुळारी
वर्डमध्ये छायाचित्र पानाला नव्हे, तर परिच्छेदाला बांधलेले असते. छायाचित्र निवडल्यावर समासाजवळ नांगराची लहान खूण दिसते; ती ज्या परिच्छेदापाशी आहे, तो ज्या पानावर जाईल त्याच पानावर छायाचित्र जाते. ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ या नावाने अनेकांची फसगत होते, कारण त्यामुळे केवळ पानावरील जागा कायम राहते. परिच्छेद पुढच्या पानावर ढकलला गेला की छायाचित्रही तिथे, त्याच उंचीवर जाऊन बसते. शिवाय छायाचित्र माउसने ओढून हलवले की नांगर गुपचूप दुसऱ्या परिच्छेदाला चिकटतो, आणि तो परिच्छेद कोणी पूर्ण पुसला की छायाचित्रही पुसले जाते. त्यामुळे नांगर योग्य परिच्छेदावर नेऊन ‘लेआउट’च्या चौकटीत ‘लॉक अँकर’ करावे.

मात्र माझ्या मते ए-फाइव्ह पानावर ‘स्क्वेअर’चा हट्टच नको. दोन्हीकडचे समास वगळता मजकुराला साधारण 11 सेंटिमीटर रुंदी उरते; त्यात 6 सेंटिमीटरचे छायाचित्र बसवले तर शेजारच्या अरुंद पट्टीत मराठीचे लांब शब्द मावत नाहीत आणि दोन्ही कडा जुळवलेल्या असतील तर शब्दांमध्ये भगदाडे पडतात. छायाचित्र स्वतंत्र परिच्छेदात, ‘इन लाइन’ आणि मध्यभागी ठेवणेच उत्तम.

ओळीमागची ओळ
पट्टी दिसण्याचे कारण बहुधा ओळींमधील अंतरात आहे. मंगलच्या ओळी फार सुट्या दिसतात म्हणून आपल्याकडे बरेच जण ‘लाइन स्पेसिंग’ला ‘एग्झॅक्टली’ करून 16 किंवा 18 पॉइंट देतात. ‘इन लाइन’ छायाचित्राला वर्ड एका मोठ्या अक्षरासारखे वागवते, त्यामुळे 18 पॉइंटांच्या ओळीत त्याचा 18 पॉइंटांएवढाच भाग दिसतो. छायाचित्राच्या परिच्छेदापुरते अंतर ‘सिंगल’ करा. त्याहून बरे म्हणजे ‘छायाचित्र’ नावाची वेगळी स्टाइल करून तिच्यात ‘सिंगल’, मध्यभागी जुळणी आणि ‘कीप विथ नेक्स्ट’ हे तिन्ही ठरवून टाका. शेवटच्या पर्यायामुळे खालची ओळख (कॅप्शन) छायाचित्रापासून तुटून पुढच्या पानावर जात नाही. ही ओळखही हाताने क्रमांक टाकून लिहू नका. ‘इन्सर्ट कॅप्शन’ने दिल्यास मधले एखादे छायाचित्र काढल्यावर क्रमांक हाताने बदलत बसावे लागत नाही.

पानवेल्हाळ
पट्टीचे कोडे सुटले; अंतर खरोखरच ‘एग्झॅक्टली’ होते. आता दोन शंका उरतात. अध्यक्षांची दोन-दोन छायाचित्रे शेजारी ठेवायची आहेत, आणि त्यांपैकी बरीचशी व्हॉट्सअॅपवरून आलेली आहेत. ती छपाईला चालतील का?

खिळाजुळारी
शेजारी ठेवण्यासाठी दोन स्तंभांचे, कडा नसलेले टेबल करावे. वरच्या ओळीत छायाचित्रे आणि खालच्या ओळीत नावे ठेवावीत. टेबलाच्या गुणधर्मांत ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टु फिट काँटेंट्स’ बंद करावे, नाहीतर मोठे छायाचित्र आपला कप्पा ताणते.

छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे 11 सेंटिमीटर रुंद छायाचित्राला सुमारे 1300 पिक्सेल आणि टेबलातल्या 5 सेंटिमीटरच्या छायाचित्राला सुमारे 600 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅप छायाचित्र लहान करून पाठवते, तेव्हा मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी, विशेषतः समूहछायाचित्रांची, कारण मागच्या रांगेतले चेहरे आधी पुसट होतात. वर्डही जतन करताना छायाचित्रे आकसवू शकते; ‘ऑप्शन्स’मधील ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘डू नॉट कम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करावी. आधीच आकसलेली छायाचित्रे मात्र त्याने पूर्ववत होत नाहीत. ती काढून मूळ फाइलींवरून पुन्हा घालावी लागतील.

ओळीमागची ओळ
छापखान्याला वर्डची फाइल देऊ नका. त्यांच्या संगणकावर तोच टंक नसेल तर ओळी बदलतील, ओळी बदलल्या की पाने बदलतील. पीडीएफ करताना ‘मिनिमम साइझ’ न निवडता ‘स्टँडर्ड’ निवडा, आणि छापखान्याकडे पाठवण्यापूर्वी तीच पीडीएफ कागदावर काढून छायाचित्रांची पाने तेवढी तपासा.