वडिलांच्या .३२ रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर अडतोय, काय करावं?

नौपाडाकर: वडिलांकडे (वय ७४) कानपूर फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, मधून मोडून उघडणारं. लायसन्स त्यांच्याच नावावर. निवडणुकीत जमा केलं होतं, परत आलं ते चामड्याच्या होल्स्टरसकट कपाटात गेलं. परवा रेंजवर नेलं तर रिकामं असताना सिलिंडर मस्त फिरतो, काडतुसं भरली की दोन घरं (काडतुसाची भोकं) गेल्यावर अडतो, चाप दगडासारखा. मी उघडून तेल सोडू का? ठाण्यात कुणी चांगला कारागीर?

खारेगावचा_फौजी: आधी हे सांगा, हात कोण लावणार? लायसन्स वडिलांचं, तर साफसफाई वडीलच करतील. तुम्ही लांबून बघा.

तुमच्या वर्णनातच अर्धं निदान आहे. रिकामं फिरतं आणि भरलं की अडतं, म्हणजे आतल्या स्प्रिंगांवर लगेच संशय घेऊ नका. काडतुसं वर उचलणारी जी चांदणी असते, तिच्याखाली न जळलेल्या दारूचा एखादा कण अडकला तरी ती केसभर उंच राहते. मग काडतुसांच्या कडा मागच्या पट्टीला घासतात. सगळी काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवायची. रिव्हॉल्व्हर अर्धंच उघडायचं, पूर्ण उघडलं की चांदणी खटकन खाली बसते. नळी वर करून कोरड्या टूथब्रशने चांदणीखालून झाडायचं, कचरा खालीच पडतो. तेल नाममात्र. आमच्या खाडीकाठच्या हवेत लोक भीतीपोटी तेल ओततात आणि वर्षभरात त्याचा डिंक होतो.

वाशी_१७: काडतुसंही बघा. चामड्यात राहिलेल्या पितळेवर हिरवट थर चढतो, मग ती घरात पूर्ण बसत नाहीत. तशी वापरू नका, दाबून तर मुळीच बसवू नका. आणि तपासणी डमी राउंडवर, म्हणजे बिनदारूच्या खोट्या काडतुसांवर. राहत्या घरी खरं काडतूस घालून चाप ओढायचा नाही, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात.

नौपाडाकर: वडिलांनी साफ केलं. चांदणीखालून दोन काळे कण निघाले! डमीवर पाच घरं सुरळीत, एक अजून अडतं. त्या घराला बारीक कानस मारली तर?

खारेगावचा_फौजी: कानशीचं नाव काढू नका. एकच घर अडतंय तर आत काजळी साचली असेल, नाहीतर चांदणीचा तो दात वाकला असेल. इथून पुढे कारागिराचं काम. दुरुस्तीचाही परवाना लागतो (शस्त्र कायदा १९५९, कलम ५), म्हणून परवाना भिंतीवर दिसेल अशाच दुकानात जा. नाव इथे टाकत नाही, पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. वडिलांना जिने झेपत नसतील तर कलम ३ मध्ये सोय आहे. दुरुस्तीसाठी त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर तुम्ही नेऊ शकता. मूळ लायसन्स सोबत ठेवा, काडतुसं घरी.

नौपाडाकर: वडील म्हणतात, पत्र कसलं, मीच येतो. सोमवारी रिक्षाने दोघं जातोय. होल्स्टर बाल्कनीत वाळत घातलंय.

वाशी_१७: वाळलं तरी रिव्हॉल्व्हर त्यात ठेवू नका हो!