अनुभव धागा: ग्रीक पद्धतीने मंद आचेवर शिजवलेल्या कोकराच्या नळ्या

कोकराची नळी, म्हणजे पायाचा गुडघ्याखालचा भाग, ग्रीक लोक ‘कोत्सी’ या नावाने ओळखतात. तो ऑलिव्ह तेलात परतून, कांदा, टोमॅटो, वाइन, दालचिनी आणि तमालपत्र यांच्यासह भांडे झाकून तीन तास ओव्हनमध्ये ठेवण्याची पद्धत तिथल्या घरांत चांगली रुजलेली आहे. पाककृती वाचताना हा पदार्थ सोपा वाटतो, कारण त्यात हाताने करण्यासारखे काम फार थोडे आहे. परंतु मला स्वतःला तो तिसऱ्या खेपेला साधला, आणि आधीच्या दोन्ही वेळा माझी चूक एकच होती, ती म्हणजे मी भांडे वेळेआधी ओव्हनमधून बाहेर काढले. आपल्यापैकी ज्यांनी हा किंवा याच्या जवळचा पदार्थ घरी केला असेल, त्यांनी मांस कोणते घेतले, किती वेळ शिजवले, काय बिघडले आणि ते कसे सावरले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. नेमकी मापे दिल्यास इतरांना अधिक उपयोग होईल.

मेलबर्नहून

आमच्या शहरात ग्रीक वस्ती मोठी आहे. ओकली या उपनगरातल्या खाटकाकडे नळ्या मागितल्या, की तो आधी ‘पुढच्या की मागच्या’ असे विचारतो. पुढच्या पायाची नळी साधारण ३५० ग्रॅमची, तर मागची ४५० ग्रॅमच्या आसपास भरते. मी पुढच्या घेते, कारण चार नळ्या एका भांड्यात एकमेकींना चिकटून बसतात आणि त्यामुळे पाणी कमी लागते.

नळ्या आदल्या रात्री मीठ लावून फ्रीजमध्ये उघड्या ठेवाव्यात, म्हणजे सकाळपर्यंत त्यांचा पृष्ठभाग कोरडा होतो आणि तेलात परतताना त्या पाणी न सोडता लाल होतात. परतण्याला मी वीस मिनिटे देते, कारण रस्स्याचा रंग आणि खमंगपणा इथेच ठरतो. त्यानंतर त्याच तेलात दोन कांदे, चार लसूण पाकळ्या आणि एक चमचा टोमॅटोची पेस्ट परतावी, पेलाभर लाल वाइन घालून ती निम्मी आटवावी, आणि मग ४०० ग्रॅम टोमॅटो, दालचिनीचा एक तुकडा, ऑलस्पाइस या मिरीसारख्या दिसणाऱ्या मसाल्याचे चार दाणे, दोन तमालपत्रे आणि नळ्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत येईल एवढेच गरम पाणी घालावे. या लाल रश्श्याच्या पद्धतीला ‘कोक्किनिस्तो’ म्हणतात. बेकिंग पेपर भिजवून, चुरगाळून तो मांसावर दाबून बसवावा, वर झाकण लावावे आणि भांडे १६० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये ठेवावे.

दीड तासाने काटा टोचून पाहिला, तर मांस दोरखंडासारखे चिवट लागते. पहिल्या खेपेला ते जास्त शिजून कडक झाले असे समजून मी ओव्हन बंद केला होता. प्रत्यक्षात जनावराने ज्या स्नायूवर आयुष्यभर भार पेलला, त्यातले कोलॅजन सत्तर अंशांच्या पुढे अगदी सावकाश विरघळून जिलेटिन होते, आणि दीड तासात ते काम अर्धवटच झालेले असते. अडीच तासांच्या सुमारास मांस हाडावरून वर सरकते आणि खालचे दोन बोटे हाड पांढरे, स्वच्छ उघडे पडते. ही खूण दिसल्यावरही मी अर्धा तास थांबते. मग हाड धरून हलवले, तर ते मांसात सैल फिरते आणि रस्सा बोटांना चिकटू लागतो.

पुण्याहून

मेलबर्नच्या ताईंनी मापे दिली, याबद्दल त्यांचे आभार. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचे, आणि खाटीक नळ्या तोडून त्यांचे तुकडे करूनच देतो. त्यामुळे मी आदल्या दिवशी सांगून ठेवतो, की चार नळ्या अखंड हव्यात, त्यांवर सुरा चालवू नये. बोकडाची नळी २५० ग्रॅमच्या आतबाहेर असते आणि तिच्यावर चरबी कमी असते, म्हणून मी ऑलिव्ह तेल नेहमीपेक्षा दोन चमचे जास्त घालतो.

सुरुवातीला मी कुकर वापरला. पाऊण तासात मांस मऊ झाले, परंतु रस्सा पाण्यासारखा पातळ राहिला, कारण कुकरमध्ये वाफ कोंडून राहते आणि पाणी आटत नाही. शिवाय मांसाचे धागे सुटून ते रश्श्यात विस्कटले. आता मी जाड बुडाच्या पितळी पातेल्यात, खाली लोखंडी तवा ठेवून, सर्वांत लहान शेगडीवर साडेतीन तास शिजवतो. रस्सा रटरटता कामा नये. कडेला एखादा बुडबुडा आला की पुरे. पातेल्याला कल्हई असणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण टोमॅटो आणि वाइन या दोन्ही आंबट वस्तू आहेत.

आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले, तीन लांब शिरांचे असते. ग्रीसमधले पान वेगळ्या झाडाचे, एकाच मधल्या शिरेचे आणि वासाला अधिक उग्र असते. आपले पान घातले, तर पदार्थ नकळत पुलावाकडे झुकतो. दुसरी गोष्ट लिंबाची. कागदी लिंबू जास्त धारदार असते, त्यामुळे पाककृतीत एका पिवळ्या मोठ्या लिंबाचा रस सांगितला असेल, तर मी कागदी लिंबाचा रस आधी दोन चमचेच घालतो आणि मग चव घेतो. हळद, गरम मसाला आणि आल्याकडे हात जातो, हे मान्य आहे, परंतु एकदा तो आवरून पाहावा. मांसाची स्वतःची चव किती खोल असते, हे मला या पदार्थानेच दाखवले.

रत्नागिरीहून

मी जहाजावर इंजिन विभागात नोकरी केली. ग्रीसमधल्या पिरेअस बंदराजवळच्या पेरामा येथे जहाज दुरुस्तीला लागले असताना आम्ही पाच आठवडे तिथे होतो, आणि गोदीबाहेरच्या एका लहान खाणावळीत दुपारचे जेवण घेत असू. तिथे दर गुरुवारी कोत्सी असे. खाणावळीच्या मालकीणबाई सकाळी सातला मोठी पत्र्याची परात ओव्हनमध्ये सरकवत आणि बारापर्यंत तिला हात लावत नसत. मी खुणांनीच विचारले, की मध्ये हलवत का नाही. त्यांनी तळहात खाली दाबून ‘सिगा, सिगा’ म्हटले, म्हणजे सावकाश.

त्यांच्या परातीत टोमॅटो नव्हता. मांसाभोवती बटाट्याच्या मोठ्या फोडी, लिंबाचा रस, लसूण आणि मुठीत चुरडलेला सुका ओरेगानो, एवढेच होते. बटाट्याच्या खालच्या बाजूला लिंबाचा रस आणि चरबी मिळून जो करकरीत, आंबट पापुद्रा धरत असे, तो मला आजवर घरी जमलेला नाही. घरचा माझा ओव्हन लहान आहे आणि त्याची खालची आच कमी पडते. कोणाला उपाय माहीत असल्यास कळवावे.

लेस्टरहून

मी लिहिते आहे ते ‘फ्रिकासे’ या प्रकाराबद्दल. यात नळ्या कांद्याच्या पातीबरोबर शिजवतात, शेवटी लेट्यूसची पाने आणि भरपूर शेपू घालतात, आणि अंडे व लिंबू यांच्या ‘अवगोलेमोनो’ने रस्सा दाट करतात. शेपू आमच्या घरी मुगाच्या डाळीबरोबरच होत असे. मांसाबरोबर तो इतका शोभेल, असे मला वाटले नव्हते.

अवगोलेमोनो माझे दोनदा फाटले. रस्सा उकळत असताना फेटलेली अंडी थेट ओतली आणि क्षणात पांढरे, पिवळे कण तरंगू लागले. आता मी नळ्या बाहेर काढून ठेवते, भांडे आचेवरून उतरवून दहा मिनिटे थांबते, दोन अंडी फेसाळेपर्यंत फेटून त्यांत लिंबाचा रस घालते, आणि मग रस्सा पळीपळीने, हात न थांबवता, अंड्यांत मिसळते. चार-पाच पळ्या गेल्या, की वाडगा बाहेरून कोमट लागतो. तेव्हाच ते मिश्रण भांड्यात परत ओतायचे आणि नुसते भांडे धरून गोल हलवायचे. यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही. रस्सा फिकट पिवळा, पळीच्या पाठीवर साय धरावी तसा बसतो.

ठाण्याहून

मी ‘क्लेफ्तिको’ केले. ऑटोमन राजवटीत डोंगरांत राहणाऱ्या क्लेफ्ट टोळ्या धूर दिसू नये म्हणून जनावर खड्ड्यात बंद करून शिजवत, अशी या नावामागची कथा सांगितली जाते. क्लेफ्ट म्हणजे चोर. घरी लोक ते कागदात बांधून करतात. माझ्याकडचा कागद फाटला, म्हणून मी नळ्या, बटाटे, लसूण, ओरेगानो आणि लिंबू मातीच्या हंडीत भरून झाकणाची कड बिर्याणीला लावतो तशी कणकेने बंद केली. एक थेंबही पाणी न घालता, १५० अंशांवर साडेतीन तासांनी कणीक फोडली, तर तळाशी बोटभर रस जमला होता, तो केवळ मांसाच्या अंगचा. हंडी मात्र आधी तासभर पाण्यात भिजवून थंड ओव्हनमध्येच ठेवावी. तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवलेली माझी पहिली हंडी उभी तडकली होती.

दुबईहून

इथे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या नळ्या सहज मिळतात. मी उरलेल्या रश्श्यात ‘क्रिथाराकी’ घालून ‘यूवेत्सी’ हा ओव्हनमध्ये शिजणारा पास्त्याचा पदार्थ करतो. हा पास्ता जवाच्या दाण्याच्या आकाराचा असतो. ३०० ग्रॅमला रस्सा आणि पाणी मिळून ९०० मिली लागते, आणि दहा मिनिटांनी एकदा तळापासून हलवावे लागते, नाहीतर खाली वडी बसते. रस्सा थोडा पातळ असतानाच भांडे बाहेर काढावे, कारण ताटात येईपर्यंत पास्ता बाकीचा रस पिऊन घेतो.

मेलबर्नहून, पुन्हा

रत्नागिरीच्या दादांसाठी: बटाट्याची परात शेवटची चाळीस मिनिटे ओव्हनच्या अगदी तळाशी ठेवून पाहा, आणि मांस त्याआधीच बाहेर काढून झाकून ठेवा. परातीत रस अर्ध्या बोटापेक्षा जास्त असेल, तर तो वाटीत ओतून घ्या आणि वाढताना वरून घाला. रसात बुडालेला बटाटा शिजतो, पण पापुद्रा धरत नाही. पत्र्याऐवजी काचेचे भांडे वापरत असाल, तर तेही बदलावे लागेल.