माळ्यावरची तलवार म्यानातून निघंना, जो काढेल तो सोलापूरचा राजा का?

शेंगाचटणी_सरदार
मंडळी हसायचं तर हसा पण उत्तर पण द्या. मामाच्या घराचा माळा आवरत होतो, तिथं जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली एक तलवार निघाली. म्यान लाकडाचं, वर मखमल होती कधीतरी, आता फक्त लाल रंगाचा संशय उरलाय. टोकाला पितळी टोपण आहे, मूठ एकदम झकास, पण तलवार म्यानातून निघतच नाही. मामानं ओढली, जिमला जाणाऱ्या मामेभावानं भिंतीला पाय लावून ओढली, शेजारचे काका नुसते बघायला आले होते त्यांनी पण ओढली, मामी म्हणाली खंडेनवमीला आम्ही म्यानासकटच पुजतो, गप ठेवा. आता मी आपल्या ग्रुपच्या गेममध्ये कायम नाइट, म्हणजे युरोपातला घोडेस्वार सरदार, घेतो हे तुम्हाला माहितेय, त्यामुळं माझ्या डोक्यात लगेच किंग आर्थर सुरू झाला, की दगडातली तलवार जो उपसेल तोच राजा वगैरे. तर ही काढायची कशी, आणि काढली तर मी नेमका कशाचा राजा होणार? आणि हो, तलवारीला नाव पण पायजे, नावाशिवाय दंतकथेत एंट्री नाही.

पार्कचौकातला
दगडातून काढली तर राजा, म्यानातून काढली तर फार फार तर नगरसेवक. आणि राजा झालास तरी आधी आर्थर नाही, आधार लागतं बे.
नाव ठेव "निघंना".

लाखेची_मूठ
जोक नंतर, आधी ओढायचं बंद करा सगळ्यांनी. आपल्याकडच्या जुन्या तलवारीचं पातं मुठीत स्क्रूनं बसवलेलं नसतं, मुठीच्या पोकळीत लाख किंवा राळ वितळवून ओततात आणि त्यात पात्याची शेपटी रोवतात. तुमच्या मामेभावानं अजून दोन वेळा भिंतीला पाय लावला तर मूठ हातात येईल आणि पातं म्यानातच राहील, मग काय अर्धा राजा? त्याच कारणानं गरम पाणी, हेअर ड्रायर असले प्रयोग मुठीजवळ करायचे नाहीत, लाख मऊ होते. दुसरं म्हणजे लाकडी म्यान दोन फाकांचं असतं, मध्ये जोड, त्या जोडावर धार टेकलेली असते. म्यान मुठीत आवळून धरून ओढलं आणि पातं फाकेतून बाहेर आलं तर बोटं जातात. म्यान नेहमी पाठीच्या बाजूनं धरायचं, धारेकडून कधीच नाही.

अडकलीय ती गंजानं. लाकूड आणि चामडं ओल धरतं, त्यामुळं तलवार वर्षानुवर्षं म्यानात ठेवणं हेच तिला मारणं असतं, पण आपल्याकडं सगळे तेच करतात आणि वरून हळदीकुंकू. तोंडाशी पातळ तेलाचे थेंब सोडा, उभी टांगा, काही दिवस विसरून जा.

आणि आर्थरचंच काढलंस म्हणून सांगतो. त्या कथेत मर्लिन नावाचा जादूगार त्याला विचारतो, तुला तलवार जास्त आवडली का म्यान? आर्थर म्हणतो तलवार. मर्लिन म्हणतो म्यानाची किंमत दहा तलवारींएवढी आहे, ते कमरेला असेपर्यंत तुझं रक्त सांडणार नाही. म्हणून म्यान फोडू नका.

शेंगाचटणी_सरदार
@लाखेची_मूठ बाप रे. मामेभावाला फोटोसकट तुमचा मेसेज पाठवला, तो आता बोटं मोजायलाय. म्यानाची किंमत दहा तलवारी, मग त्याच्यावरच्या चादरीची किती धरायची? अस्सल सोलापुरी आहे, अजून विरली नाही.

मंगळवेढेकरीण
मला तुम्हा लोकांचं एक कळत नाही, दगडात तलवार म्हटलं की सगळे उपसायलाच धावतात. इटलीत टस्कनीमध्ये मोंतेसिएपी म्हणून जागा आहे तिथल्या चॅपेलमध्ये खरोखरची तलवार खडकात रुतलेली आहे, मूठ आणि थोडंसं पातं तेवढं वर. गोष्ट बाराव्या शतकातली. गॅल्गानो नावाचा सरदार, त्यानं मारामारी सोडून द्यायची ठरवली आणि तलवार खडकात घुसवली, वरून दिसते ती मूठ क्रूससारखी, तिच्यासमोर प्रार्थना करत बसला आणि पुढं संत झाला. म्हणजे आर्थर उपसून राजा झाला आणि हा खुपसून संत झाला. तिथं वाळलेले हात पण ठेवलेत, म्हणे तलवार चोरायला आलेल्याचे लांडग्यानं तोडले. तलवारीवर आता पारदर्शक झाकण आहे, कारण लोक येऊन ओढतातच! सरदार, तुझ्या मामांना दाखव.

आणि आमच्या मंगळवेढ्याच्या गोष्टीत तर तलवार लागतच नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली, बेदरहून बोलावणं आलं, आता मान जाणार. कुठला तरी नाइट घोड्यावरून आला का? नाही. विठोबा स्वतः विठू महार होऊन दरबारात गेला, पैशांची थैली ओतली आणि पावती घेऊन आला. जगातल्या सगळ्या मध्ययुगीन दंतकथांत हिशोब चुकता करून पावती घेणारा देव आपलाच, याचा मला फार अभिमान आहे.

पार्कचौकातला
एक्सकॅलिबरच्या, म्हणजे आर्थरच्या तलवारीच्या गोष्टीत पावती असती तर शेवटचा घोळ झालाच नसता. आर्थर मरायला टेकलाय, बेडिव्हिअर नावाच्या सरदाराला सांगतो जा तलवार तळ्यात टाक, हा गडी दोनदा लपवून ठेवतो आणि येऊन सांगतो टाकली. राजा विचारतो काय दिसलं? म्हणे लाटा. तिसऱ्यांदा खरंच टाकली तेव्हा पाण्यातून हात आला, तलवार झेलली, तीनदा परजली आणि गेला आत. पावती मागितली असती तर पहिल्याच फेरीत सापडला असता.

हिप्परग्याचा_कासव
तळ्याचा विषय निघाला म्हणून आलो. व्हिएतनामला हनोईच्या मधोमध तळं आहे, होआन किएम. पंधराव्या शतकात ले लोई नावाच्या माणसानं जादूच्या तलवारीनं चीनच्या मिंग फौजा हाकलल्या, राजा झाला, एकदा तळ्यात नावेतून फिरत होता तर सोनेरी कासव वर आलं आणि म्हणालं तलवार परत द्या, आमच्या मालकांची आहे. त्यानं दिली पण!! आपल्याकडं लायब्ररीचं पुस्तक परत देत नाहीत.
सरदार, तू सिद्धेश्वर तळ्याच्या काठाला तलवार घेऊन उभं राहून बघ, कासव येतंय का पोलीस येतायत.

तुळजापूरवेस
पोलीस येतील. शस्त्र अधिनियम १९५९, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं शस्त्र बिनपरवाना बाळगणं हे बऱ्याच ठिकाणी गुन्हा धरतात. तलवारीनं केक कापायचा, रील टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनात हात जोडून फोटो, हे आता प्रत्येक गावात झालंय. वडिलोपार्जित असेल तरी एकदा वकिलाला विचारून घ्या, आणि शंभर वर्षांच्या वरची निघाली तर ती पुरावस्तू होते, तिचा कायदा वेगळा, १९७२ चा. विकायचा विचार पण करू नको.

शेंगाचटणी_सरदार
विकतंय कोण. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे, म्हणजे केक कॅन्सल म्हणायचं 😭

लाखेची_मूठ
केकचं सोड. तेल सोडलंस का? आणि एक काम कर, जुन्या स्पीकरमधलं चुंबक घे आणि म्यानावरून मुठीपासून टोकापर्यंत फिरव. माझा संशय वेगळाच आहे. कितीतरी घरांतल्या "पणजोबांच्या लढाईतल्या" तलवारी लग्नात मिरवायच्या नाहीतर नाटकातल्या असतात, आत पत्रा, कधी कधी काहीच नाही.

शेंगाचटणी_सरदार
अपडेट. चुंबक फिरवलं. मुठीपासून साधारण वीतभर कडक चिकटतं, आणि पुढं टोकापर्यंत काहीच नाही. हलवलं तर आत वाजत पण नाही. म्हणजे वीतभर पातं आहे आणि बाकीचं म्यान रिकामं. मामा तेव्हापासून बोललेला नाही. एवढी वर्षं आम्ही अर्ध्या तलवारीला झेंडू वाहायलालो.

मंगळवेढेकरीण
अरे रडतोस काय, ही तर लॉटरी आहे! नॉर्स, म्हणजे जुन्या स्कॅन्डिनेव्हियातल्या कथेतला सिगमंड ऐक. मेजवानी चालू असताना त्यांचा मुख्य देव ओडिन येतो आणि घराच्या मधोमध उभ्या झाडाच्या बुंध्यात तलवार खुपसून जातो, सगळे पाहुणे ओढून दमतात, निघते फक्त सिगमंडच्या हाताला. पुढं लढाईत तीच तलवार ओडिनच्याच भाल्यावर आपटून मोडते. तुकडे त्याची बायको जपून ठेवते, मुलगा सिगुर्ड मोठा झाल्यावर लोहाराकडून जोडून घेतो आणि पहिल्या घावात ऐरण दोन करतो. त्याच तलवारीनं पुढं ड्रॅगन मारतो. म्हणजे कुणाला निघत नाही आणि मोडकी पण, दोन्ही लक्षणं तुझ्यात, आय मीन तुझ्या तलवारीत आहेत. मोडकी तलवार ही अख्ख्या तलवारीपेक्षा भारी दंतकथा असते, तुकडे जपणारी बाई मात्र घरात असावी लागते.

पार्कचौकातला
आता प्रश्न एकच, पुढचा तुकडा गेला कुठं?

लाखेची_मूठ
जुनं चांगलं पोलाद कुणी टाकून देत नव्हतं. मोडक्या पात्याची कट्यार करायचे, सुरी करायचे. सरदार, मामीच्या स्वयंपाकघरात जुनी विळी आहे का?

शेंगाचटणी_सरदार
…आहे. मामीच्या सासूबाईंच्या सासूबाईंची. धार लावायला लागतच नाही असं मामी कायम सांगते, आणि तिचं पातं बाकीच्या विळ्यांपेक्षा सरळ आहे हे मी आत्ता पहिल्यांदा नीट बघितलं. जवळ जाऊन चुंबक लावणार होतो तर मामीनं आतून आवाज दिला, कांदे चिरायचे असतील तर ये नाहीतर येऊ नको.

हिप्परग्याचा_कासव
राज्याभिषेक झाला समज. जा कांदे चिर.

तुळजापूरवेस
आणि नियमात घरकामाची आणि शेतीची पाती वगळलेली आहेत. विळीवर केक काप, कुणी काही करू शकत नाही.

पार्कचौकातला
विळीवर केक कापायचा तर पाटावर मांडी घालून बसावं लागेल सरदार, गुडघे आहेत का तेवढे? आणि केक मोठा सांग, आम्ही सगळे येणार, पावती मंगळवेढेकरीण फाडेल.